चौऱ्याहत्तर पॉइंट चार

३ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला माझा पत्ता, दुसऱ्या बाजूला एकच आकडा: ७३.७. ना 'ताई', ना 'कशी आहेस', ना खाली तुझं नाव. पोस्टमन म्हणाला, "बाई, लॉटरीचा नंबर आलाय वाटतं." मी म्हटलं, "हो, बहिणीने पाठवलाय, लागला की तुम्हालाही देईन." तो हसला आणि मीही हसले, मग दार लावून ते कार्ड बराच वेळ हातात धरून बसले.

बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण मी सांगते ते ऐक. तुझ्या पोरीला, मुंगीला, तू भिंतीला टेकवून उभी करून मोजलंस ना? मग आकडा कमी येणारच. दोन वर्षांच्या आतलं मूल आम्ही पाटावर आडवं निजवून मोजतो, तुला माहीतच आहे. तू डोकं धरायचीस, मी पायाशी बसायचे, फळी सरकवत आणून तिच्या टाचांना टेकवायचे आणि आकडा वाचायचे. तेच मूल उभं केलं की साधारण सात मिलिमीटरने कमी भरतं. सगळ्यांचंच तसं होतं. आणि तुझी ती शिवणकामाची टेप! गणवेश मापून मापून तिचा पार दोरा झालाय. ताणलेली टेप कमीच दाखवते.

आता नोव्हेंबरचं. मला माहीत आहे तू त्याच्यावरच अडून बसली आहेस. मी रजेवर होते, आमच्या केंद्रातल्या चष्मेवालीने मोजलं आणि मुंगीच्या वाढीच्या कार्डावर ७८.४ च्या खाली ७४.४ लिहून मोकळी झाली. चार सेंटिमीटर कमी! दुसऱ्या दिवशी तू मुंगीला कडेवर घेऊन केंद्रात आलीस, तोंड पांढरंफटक, आणि म्हणालीस, "ताई, ही लहान होतेय गं." बाकड्यावर दहा-बारा आया बसल्या होत्या. मी म्हटलं, "पोर आहे की लोकरीचा स्वेटर, धुतला की आटायला?" सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. महिन्याभरात तुझ्या नवऱ्याची बदली झाली आणि तुम्ही गेलात, मला कळलंसुद्धा नाही. मी हसायला नको होतं. पण तूही लहानपणापासून भित्री भागूबाईच ना. चष्मेवाली नवी होती, चुकली. तिला मोजायच्या कामावरून काढलंय.

तुझ्या नवऱ्याने पत्ता कळवताना विचारलं होतं की थेंब पुढे द्यायचे का, आणि त्यात नेमकं असतं काय. त्याला सांग: निम्म्या मुलांच्या बाटलीत ड जीवनसत्त्व आहे आणि निम्म्यांच्या बाटलीत नुसतं तेल. नारिंगी झाकण आणि पांढरं झाकण. कोणत्या झाकणात काय, ते आम्हालाही सांगितलेलं नाही. दोन वर्षांनी कोणती मुलं जास्त वाढली ते बघायचं, म्हणजे औषधाचा गुण खरा की खोटा ते कळेल. मुंगीची नारिंगी आहे. तीन बाटल्या या पार्सलमध्ये आहेत. तू केंद्र सोडल्यावर त्या पाठवायची मला परवानगी नाही, म्हणून बोभाटा करू नकोस. रोज पाच थेंब.

तिचा गालगुच्चा घे माझ्या वतीने.

ताई

१२ फेब्रुवारी

धाकटे,

दुसरं कार्ड आलं. ७३.२.

पहिल्यांदा सकाळी मोजलंस आणि आता संध्याकाळी, असं झालं असेल. दिवसभर उभं राहिलं की माणूस थोडं दबतं. पोरं भिंतीशी उभी करताना पाय फाकवतात, गुडघे वाकवतात, त्यानेही फरक पडतो. तरी खोलीत ऊन येतं का ते एकदा कळव. तुझा नवरा लिहितो की मागच्या बाजूची खोली आहे आणि खिडकीसमोर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिला दुपारी गच्चीवर नेत जा.

इथे एक गंमत झालीय, म्हणजे मी गंमत म्हणतेय. आकडेवाली आली होती. आमचे तक्ते मशीनमध्ये भरणारी ती मुलगी, तू तिला पाहिलंयस, कायम च्युइंगम चघळत असते. माझं रजिस्टर पुढ्यात टाकून म्हणाली, "मावशी, तुमची सगळी पोरं चारवरच का संपतात?"

मला कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. ऑगस्टपासून मी मोजलेली एकशे तीस मुलं. ६९.४. ८०.४. ७७.४. ७२.४. क्वचित कुठे पाच, कुठे तीन. बाकी सगळी चार. खाली खाली वाचत गेले, अक्षर माझंच होतं. काही जणींना शून्य आणि पाचाची सवय असते, ते मी नव्या मुलींना स्वतः शिकवते, "गोल आकडा लिहू नका, फळी जिथे थांबते तोच लिहा." चाराची सवय कुणाला असल्याचं मी ऐकलेलं नाही.

सुताराला बोलावून पाट तपासून घेतला. फळी कुठेही अडत नाही, पट्टी नीट बसलीय. दुसऱ्या दिवशी मी एक ठरवलं. आकडा आधी मोठ्याने वाचायचा आणि मग लिहायचा. पहिलंच मूल, एक जाडा मुलगा. मी वाचलं, "एक्क्याऐंशी पॉइंट सात." त्याच्या आईनेही ऐकलं. लिहिलं. आई वाकून बघते आणि म्हणते, "बाई, तुम्ही सात म्हणालात ना?" कागदावर ८१.४ होतं.

दमले असेन. सुट्टी काढावी म्हणते. टेप बदल आणि पुन्हा मोज.

ताई

९ मार्च

धाकटे,

७२.८ पोचलं.

हे पत्र मी तीनदा फाडलंय, तेव्हा जसं येतंय तसं लिहिते, शुद्धलेखन बघू नकोस.

रोज काम संपलं की मी पाटाची फळी मागे सरकवून शून्याला लावते. दुसऱ्या दिवशी शून्य बरोबर आहे ना ते बघूनच पहिलं मूल निजवायचं. गेले तीन आठवडे सकाळी येते तेव्हा फळी शून्यावर नसते. पहिल्या दिवशी वाटलं, झाडताना सरकली. दुसऱ्या दिवशी वाकून आकडा पाहिला. तिसऱ्या दिवशीही तोच. खोलीला कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे आणि झाडणाऱ्या बाईकडे. शेवटी तिला धरलं. म्हटलं, "कशाला हात लावता पाटाला? काय खेळणं आहे?" ती म्हणाली, "बाई, मी कशाला लावू? तुम्हीच तर लावता. रोज जायच्या आधी. मी दारात झाडू घेऊन उभी असते, तुम्ही फळी सरकवता, मग हळूच थापटता, आणि जाता."

थापटते म्हणे. मला यातलं काही आठवत नाही. एवढं खरं की फळी रोज ७४.४ वर असते.

आता ऐक. मुंगी पंधरा महिन्यांची होती तेव्हा ती ७४.४ भरली. ते खरं आहे, तिच्या वाढीच्या कार्डावर आहे. सतराव्या महिन्यात आलात तेव्हा मधे तिचं पोट बिघडलं होतं, पंधरा दिवस जुलाब झाले होते. तू डोकं धरून बसली होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. फळी आली, टाचांना टेकली. ७४.४. केसभरही पुढे नाही. तू म्हणालीस, "किती गं ताई?" तुझा आवाज असा होता की मी म्हटलं, "पंच्याहत्तर पॉइंट सहा. घोडी होतेय तुझी." तू रडलीस आनंदाने. मी तेच लिहिलं.

वाटलं होतं की पुढच्या खेपेला ती भरून काढेल आणि माझं खोटं आपोआप खरं होईल. पोट बिघडल्यावर मुलं थांबतात, मग भराभर वाढतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. जुलैमध्ये पुन्हा ७४.४. मी ७७.१ लिहिलं, कारण आधीच्या खोट्यावर थोडं चढवावंच लागतं. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. मी ७८.४ लिहिलं. तीन वेळा तुझ्या पोरीच्या टाचा एकाच रेघेवर येऊन थांबल्या, धाकटे, आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाला बसून तू हसत होतीस.

चष्मेवाली चुकली नव्हती. मुंगी आटली नाही. ती वाढलीच नव्हती.

आणि तुझी टेपही बरोबर आहे. ७४.४ मधून सात मिलिमीटर वजा कर. ७३.७. तुझं पहिलं कार्ड आलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तुला टेपवरून बोलले.

पण त्यानंतरचे आकडे मला समजत नाहीत, म्हणजे समजतात, आणि तेच नको वाटतंय. मूल वाढत नाही हे एक. उभं केलं की दर महिन्याला कमी कमी भरतं, याचा अर्थ वेगळा होतो. आजच्या आज तिला डॉक्टरांकडे ने. मनगटाचा एक्स-रे काढायला सांग. मला शिव्या नंतर घाल.

ताई

१७ एप्रिल

धाकटे,

७२.१. त्यावर एक शब्द नाही. मी एवढं सगळं लिहिलं आणि तू आकडा पाठवतेस. हा सूड आहे का? असला तर घे, पण पोरीला दवाखान्यात नेलंस की नाही तेवढं त्या आकड्याशेजारी लिही. 'नेलं'. दोन अक्षरं.

मागच्या पत्रात मी एक शब्द टाळला. आमच्या कामात तो रोज तोंडात असतो, पण आपल्या माणसासाठी लिहवत नाही. मुडदूस. त्या शब्दातच मुडदा आहे, म्हणून आई लहानपणी तो घरात उच्चारू द्यायची नाही. हाडं मऊ राहतात आणि अंगाच्या भाराने पाय धनुकलीसारखे वाकतात. मूल खरोखर आटत नाही, त्याची उंची पायांच्या बाकात जाते. तिला उभी कर आणि दोन्ही टाचा जुळव. मग गुडघ्यांमध्ये किती फट राहते ते बघ. माझी तीन बोटं जात असतील तर एक दिवससुद्धा थांबू नकोस.

मागच्या पत्रात आणखी एक गोष्ट टाळली. मी लिहिलं की तुझ्या आवाजामुळे, तुझ्या तोंडाकडे बघून खोटं लिहिलं. ते अर्धंच होतं. आमच्या नियमात आहे की जे मूल दोन भेटींत वाढलं नाही त्याची पूर्ण चौकशी होते, मोठ्या डॉक्टरबाई सगळे कागद काढतात. आणि नियमात असंही आहे की मोजणारीच्या नात्यातलं मूल घ्यायचं नाही. मी तुला कागदावर शेजारीण म्हणून दाखवलं होतं. चौकशी झाली असती तर माझी नोकरी गेली असती. सतराव्या महिन्यात मला तुझी दया आली होती, हे खरं. जुलै आणि सप्टेंबरमध्ये मला माझी काळजी होती. एवढं स्वच्छ मी स्वतःलाही आजवर सांगितलं नव्हतं.

परवा डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आणखी किती मुलांचे आकडे असे आहेत?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." त्यांनी किल्ली मागितली, मी काढून दिली. ती मुलं आता पुन्हा मोजणार आहेत.

चष्मेवालीकडेही गेले. तिला कागदांच्या खोलीत बसवलंय, खिडकीसुद्धा नाही तिथे. मी माफी मागितली. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मावशी, मी त्या दिवशी तीनदा मोजलं होतं. तिसऱ्यांदा मोजताना मला भीती वाटायला लागली होती."

पोरीला ने गं. पाया पडते तुझ्या.

ताई

२२ मे

धाकटे,

या महिन्यात तुझं कार्ड आलं नाही. पोस्टमन रोज मान हलवून पुढे जातो. इतके दिवस त्या आकड्यांची धास्ती वाटायची, आता आकडा नाही म्हणून जेवण जात नाही.

एक सांगायचंय आणि ते सांगताना माझंच डोकं फिरलंय. दोन वर्षं पूर्ण झाली, काल केंद्रात झाकणं उघडली. म्हणजे कोणत्या रंगात काय होतं ते जाहीर केलं. मला आत प्रवेश नाही, आकडेवालीने फाटकापाशी येऊन सांगितलं. मी मनात धरून बसले होते की नारिंगीत तेल असणार. मुंगीच्या वाट्याला तेल आलं म्हणून असं झालं, यात थोडा दैवाचाही हात आहे, असं म्हणायची सोय होती.

नारिंगीत औषध होतं, धाकटे.

पहिल्या दिवसापासून तिला खरं औषध मिळत होतं. तुझ्या परत आलेल्या बाटल्या मी स्वतः तोलल्यात, एकही थेंब इकडेतिकडे नव्हता. बाकीच्या आया विसरायच्या, सांडायच्या. तुझ्या बाटल्या पाठ्यपुस्तकात छापाव्या अशा असायच्या. मग रोज पाच थेंब ड जीवनसत्त्व पोटात जाणाऱ्या पोरीला मुडदूस कसा होईल? होऊच शकत नाही. तर मग माझी शंका चुकीची, आणि तिला दुसरंच काहीतरी झालंय ज्याचं नाव मला माहीत नाही. जे औषधाला जुमानत नाही आणि आतून तिला दर महिन्याला थोडं थोडं ओढून घेतंय.

घरात एकटी बसलेली असते तेव्हा मला वाटतं की मी तिला त्या रेघेशी बांधून ठेवलं. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. तू तेव्हा दारात उभी राहून 'ही लहान होतेय' म्हणालीस तशीच मी आता फाटकाशी उभी राहून आकडेवालीला म्हटलं. ती हसली नाही. च्युइंगम चघळायची मात्र थांबली.

मी येऊ का? नको म्हणायला तरी कार्ड पाठव.

ताई

११ जून

ताई,

तुझी पाचही पत्रं मी परवा एकदम वाचली. त्याआधी एकही उघडलं नव्हतं. कपाटात साड्यांखाली ठेवत गेले. मी फक्त आकडा पाठवायचे, कारण मी शब्दांत काही सांगितलं की तू हसतेस. वाटलं होतं, आकड्याला तू हसणार नाहीस.

मेमध्ये मुंगी चालायची थांबली. आधी पडायची, मग उभीच राहीना. कार्डावर लिहायला आकडा राहिला नाही. तेव्हा कपाट उघडलं आणि पत्रं वाचली. वाचता वाचता तिच्या टाचा जुळवून गुडघ्यांमधली फट बघितली. माझी चार बोटं गेली.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण शांत आहेत. मुंगीला टेबलावर ठेवलं तर ती आपली आपण आडवी झाली, डोकं वर सरकवलं आणि पाय जमतील तेवढे सरळ करून डोळे मिटून घेतले. हालचाल नाही. बाई म्हणाल्या, "अगं बाई, हिला कुणी शिकवलं हे?" मी म्हटलं, "मावशीने."

मुडदूसच आहे. दुसरं काही नाही, तिला कुणी ओढून नेत नाहीये, तू तसलं काही मनात आणू नकोस. औषध सुरू झालंय. पाय सरळ होतील म्हणाल्या, वर्ष-दोन वर्षं लागतील. उंचीचं आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या.

तू बाटल्यांबद्दल लिहिलंस म्हणून सांगते. मला ते थेंब द्यायची पहिल्यापासून भीती वाटायची. आत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नाही, असं औषध पोरीच्या जिभेवर सोडताना रोज देवाचं नाव घ्यायचे. तरी देत होते, तू सांगितलंस म्हणून. मग एक दिवस बंद केले. रोज पाच थेंब मोरीत सोडायचे, म्हणजे बाटलीचं वजन बरोबर भरेल आणि केंद्रात तुझी मान खाली जाणार नाही. तुझं पार्सल तेवढं उघडलं होतं, त्यातल्या तीन बाटल्याही तशाच गेल्या.

डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "थेंब नक्की कधी बंद केलेत?"

मी म्हटलं, "सतराव्या महिन्यात. त्या दिवशी मोजून घरी आलो, त्या संध्याकाळपासून."

"का पण?"

मी म्हटलं, "पंच्याहत्तर पॉइंट सहा भरली होती. इतकी छान वाढत होती, म्हटलं आता कशाला द्यायचे."